एकच प्रश्न तिन्ही कामांना जुंपायचा कसा

फिजिऑलॉजीच्या प्रॅक्टिकलच्या वह्या तपासत होते. बीपीचं प्रॅक्टिकल. १२०/८०, ११०/७०, १३०/८०, १२०/८०, ११०/८०. पानभर एकही आकडा शून्याशिवाय संपत नव्हता. सही करून वही बाजूला सरकवली, पुढची उघडली. तीही तशीच. तिसरीत एक ११८ दिसला तेव्हा त्या मुलीचं कौतुक वाटलं, आणि लगोलग स्वतःची लाज वाटली. इतकी वर्षं अशाच वह्यांवर मी डोळे झाकून सह्या करत आले होते.

विभागात नव्याने रुजू झालेले लेक्चरर माझ्याकडे येऊन बसतात ते बहुतेकदा एकच गाऱ्हाणं घेऊन. "मॅडम, शिकवायचं, संशोधन करायचं, आणि वर लोकांसाठी कार्यक्रमही करायचे. एका माणसाने कुठे कुठे पुरं पडायचं?" तिन्ही कामं वेगवेगळी धरली तर नाहीच पुरं पडत. मीही पडले नाही. माझं संशोधन एका विषयावर, लेक्चर्स दुसऱ्या, आणि लोकांपुढचं भाषण ऐन वेळी सुचेल त्या तिसऱ्या. तीन चुली मांडून बसले होते आणि एकीवरही धड काही शिजत नव्हतं. त्या वह्यांनंतर मात्र एकच प्रश्न धरून तो वर्गात, संशोधनात आणि लोकांत असा फिरवायला लागले. ते कसं करायचं ते सांगते. उदाहरण बीपीचंच घेते, कारण त्यात माझे हात पोळलेले आहेत. तुमचा विषय वेगळा असेल, रीत तीच चालेल.

प्रश्न वह्यांत शोधा

नवीन माणूस प्रश्न शोधायला आधी मोठ्या जर्नल्सकडे धावतो. तिथे जे चाललेलं असतं त्याला लागणारी यंत्रं आपल्याकडे नसतात, पैसे नसतात, आणि ती मिळेपर्यंत प्रश्न शिळा झालेला असतो. त्यापेक्षा जे काम तुमच्या हातून दर आठवड्याला होतं, त्यात कुठे काही खटकतं का ते बघा. मी तीन गोष्टी तपासते. विभागात आहे त्या सामानात हे मोजता येईल का? पहिल्या वर्षाच्या मुलाला हे दहा मिनिटांत समजेल का? आणि वैद्यकाशी काडीचा संबंध नसलेल्या माणसाला हे ऐकून "मग माझं काय?" असं विचारावंसं वाटेल का? तिसऱ्याचं उत्तर नाही आलं तर प्रश्न वाईट ठरत नाही. फक्त तो तिन्ही गाडे ओढणार नाही.

शून्यांचा प्रश्न या तिन्हींत बसला. बीपी पाऱ्याच्या मिलिमीटरांत मोजतात, आणि हाताने बीपी घेतो त्या उपकरणावर दर २ मिलिमीटरला एक रेघ असते. म्हणजे शेवटचा अंक ०, २, ४, ६ किंवा ८ यांतलाच एक येणार. प्रत्येक जण जे दिसलं तेच लिहीत असेल, तर पुरेशा नोंदींत शून्याच्या वाट्याला साधारण पाचवा हिस्सा यायला हवा. येतो त्याच्या कितीतरी पट. या सवयीचं शास्त्रीय नाव टर्मिनल डिजिट प्रेफरन्स. वर्गात मी त्याला शून्याचा लळा म्हणते. एका काळी या लळ्यावर उपाय म्हणून रँडम झिरो नावाचं उपकरणच निघालं होतं. त्यातला शून्य दर वेळी वेगळ्या, झाकलेल्या जागी असायचा. आधी आकडा वाचून लिहायचा आणि मग झाकलेला शून्य उघडून वजाबाकी करायची. मोजणाऱ्याच्या डोळ्यावर इतका अविश्वास दाखवणारं यंत्र मला फार आवडतं.

यात बिघडतं काय, असं कुणी म्हणेल. १३६ चे १४० झाले आणि १४४ चेही १४० झाले, एवढंच ना? पण १४० हीच तर रेघ आहे. दवाखान्यात बीपी जास्त म्हणायचं की नाही, हे अनेक ठिकाणी तिथेच ठरतं. त्या रेघेपाशीच आपण आकडे गोळा करून ठेवत असू, तर अलीकडचा कोण आणि पलीकडचा कोण हे कसं कळणार?

एक धोक्याची सूचना. असा प्रश्न सापडला की लगेच वर्गात सांगण्याचा मोह होतो. जीभ आवरा. का, ते पुढे येईलच.

वर्गात: आधी अंदाज, मग हात

बीपीचं प्रॅक्टिकल बहुतेक ठिकाणी असं होतं: शिक्षक पायऱ्या सांगतात, मुलं लिहून घेतात, मग जोड्या करून एकमेकांच्या दंडाला कफ, म्हणजे हवा भरायचा पट्टा, बांधतात. मी हा क्रम उलटा केला. आधी अंदाज लिहून घ्यायचा. "हाच कफ, हाच दंड. एकदा हात टेबलावर, कफ हृदयाच्या पातळीत. एकदा हात खाली लोंबता. आकडा वाढेल, कमी होईल की तोच राहील? लिहा, आणि शेजाऱ्याला दाखवू नका." निम्म्याहून जास्त मुलं तोच राहील असं लिहितात. मग मोजायला लावायचं. कफ हृदयापासून १० सेंटिमीटर खाली गेला की साधारण ७ ते ८ मिलिमीटरने आकडा वाढतो. रक्ताच्या स्तंभाचं वजन, दुसरं काही नाही. स्वतःचा अंदाज चुकलेला ज्याने कागदावर पाहिला, त्याला ही गोष्ट तोंडी परीक्षेत पुन्हा विचारावी लागत नाही.

तपशील मात्र सोडू नका, कारण प्रॅक्टिकलचा जीव तिथेच असतो. कफ आधी नाडी चाचपत फुगवायचा. मनगटावरची नाडी लागेनाशी झाली तो आकडा लक्षात ठेवून हवा पूर्ण सोडायची. मग दुसऱ्यांदा त्याच्या ३० मिलिमीटर वर नेऊन स्टेथोस्कोप लावायचा. नाहीतर काही माणसांत आवाज मध्येच गायब होऊन पुन्हा येतात आणि आपण खालचा आकडाच वरचा समजून बसतो. हवा सेकंदाला २ ते ३ मिलिमीटर या वेगाने सोडायची. हीच पायरी सगळ्यात जास्त चुकते. काटा भरभर खाली आला की नेमकी रेघ दिसतच नाही, आणि तिथेच शून्याचा जन्म होतो. एका मुलाला मी विचारलं, "१२० कसे लिहिलेस?" तो म्हणाला, "मॅडम, आवाज आला तेव्हा काटा १२० च्या आसपास होता." मी त्याच्या अंगठ्यावर माझा अंगठा ठेवला आणि हवा सोडायचा स्क्रू दोघांनी मिळून फिरवला, जेमतेम केसभर. काटा एकेक रेघ मोजत उतरायला लागला. आवाज आला तेव्हा तोच म्हणाला, "एकशे चौदा." मग थोडा वेळ डायलकडेच बघत राहिला.

कफच्या मापाकडेही मुलांचं लक्ष वेधा. आतली रबरी पिशवी दंडाच्या घेराच्या निदान ८० टक्के भागाला वेढणारी हवी. जाड दंडाला लहान कफ बांधला की आकडा फुगतो. ही चूक कफइतकीच जुनी आहे. इटलीतल्या रिवा-रोची यांनी १८९६ साली दंडाला बांधायचा कफ आणला तो अरुंद होता, म्हणून आकडे जास्त यायचे. काही वर्षांतच जर्मन डॉक्टर फोन रेक्लिंगहाउझेन यांनी तो रुंद केला.

इतिहास मी गोष्ट म्हणून सांगत नाही, गणित म्हणून देते. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने घोडीच्या धमनीत नळी बसवून तिला उंच काचेची नळी जोडली आणि रक्त ८ फुटांहून वर चढलेलं पाहिलं. १७३३ साली त्याने ते छापलं. आता ८ फूट रक्त म्हणजे पाऱ्याचे किती मिलिमीटर? मुलं घनतेचा हिशेब करतात आणि १९० च्या आसपास येऊन थबकतात. "इतकं?" मग मी विचारते, त्या घोडीला कसं धरलं होतं? बांधून, आडवी पाडून. डॉक्टरला बघून बीपी वाढतं ते रुग्णांचंच असं कुणी सांगितलं?

रिवा-रोचींच्या रीतीने फक्त वरचा आकडा मिळायचा, कारण ते नाडी चाचपत होते. खालच्या आकड्यासाठी १९०५ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी कोरोटकॉफ या रशियन सर्जनने कफच्या खाली धमनीवर स्टेथोस्कोप ठेवून ऐकलं आणि आवाज केव्हा सुरू होतात, केव्हा थांबतात ते सांगितलं. त्याचं मूळ टिपण पानभराचंही नव्हतं. हे मी खास करून त्यांना सांगते, जे मला चाळीस पानांचा प्रबंध आणून दाखवतात.

पुढच्या आठवड्यात पुन्हा समजावून सांगू नका, पाच प्रश्नांची कोरी चिठ्ठी द्या. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवलं की मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतं, पण आठवडाभराने ज्यांनी स्वतःला तपासलं होतं तेच पुढे असतात. मुलं कुरकुरतात. कुरकुरू देत. मार्क मात्र त्या चिठ्ठीला देऊ नका, नाहीतर तिचीही परीक्षा होते.

संशोधनात: आधी परवानगी, मग मोजणी

इथे माझी पहिली चूक सांगते. शून्य दिसल्याबरोबर मी सगळ्या जुन्या वह्या काढल्या, मोजणी केली, तक्ता केला, आणि खुशीत, संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीकडे गेले, की आता फक्त शिक्का द्या. एका सदस्याने शांतपणे विचारलं, "मुलांनी या वह्या तुम्हाला कशासाठी दिल्या होत्या?" मार्कांसाठी. संशोधनासाठी नाही. मी तक्ता गुंडाळला आणि घरी आले. त्या रात्री राग आला होता. आता वाटतं, त्या एका प्रश्नाने मला वाचवलं.

तेव्हा क्रम असा ठेवा: प्रश्न, मग प्रोटोकॉल (काम कसं करणार त्याचा लेखी आराखडा), मग कमिटी, मग नोंदी. हेलसिंकी जाहीरनाम्यात माणसांवरच्या संशोधनाचा हाच धडा आहे, आणि आपले विद्यार्थीही माणसंच आहेत. उलट ती जास्त जपायची माणसं आहेत, कारण मार्क आपल्या हातात असतात. "इच्छा असेल तरच सही करा" असं मी वर्गात म्हटलं तर कोण नाही म्हणणार? म्हणून संमती दुसऱ्या विभागातल्या, त्या मुलांना मार्क न देणाऱ्या व्यक्तीने घ्यायची, आणि कुणी दिली, कुणी नाही, हे निकाल लागेपर्यंत आपल्याला कळू द्यायचं नाही. नोंदींवर नाव नको, नुसता क्रमांक. काम फारच निरुपद्रवी आहे, परवानगीची गरज नाही, असं तुम्हाला वाटेल. ते ठरवायचं कमिटीने, आपण नाही.

या प्रश्नात आणखी एक गुंता होता. संमतीपत्रात "तुम्ही किती शून्य लिहिता ते बघणार आहोत" असं लिहिलं, तर उद्यापासून एकही शून्य दिसणार नाही. म्हणून कमिटीला सगळं खरं सांगितलं, आणि मुलांना "बीपीच्या नोंदींच्या अचूकतेचा अभ्यास" एवढंच. मात्र नोंदी पूर्ण झाल्या की सगळं उघड करायचं, आणि ते कळल्यावर ज्याला आपली नोंद काढून घ्यायची असेल त्याला काढू द्यायची, हेही प्रोटोकॉलमध्येच लिहिलं. अर्धवट सांगणं आणि फसवणं यांच्यातली भिंत पातळ असते. ती कुठे उभी करायची ते आधी लिहून ठेवा, आठवणीवर सोडू नका.

प्रश्न एका वाक्यात मावला पाहिजे. आमचा असा होता: पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी स्टेथोस्कोपने घेतलेल्या पहिल्या सिस्टॉलिक (वरच्या आकड्याच्या) नोंदींत शून्यावर संपणाऱ्या आकड्यांचं प्रमाण एक-पंचमांशापेक्षा जास्त आहे का? यातला एकेक शब्द भांडून आलेला आहे. पहिल्याच का, तर दुसऱ्या नोंदीवर पहिलीची सावली असते. सिस्टॉलिकच का, तर दोन्ही मोजून जे बरं दिसेल ते छापायची वाट बंद व्हावी म्हणून. नाडी चाचपून घेतलेले आकडे वगळले, कारण ते अंदाजानेच वाचले जातात.

किती नोंदी लागतील? समजा, खरं प्रमाण २० टक्केच आहे. तरी १०० नोंदींत नुसत्या योगायोगाने ते १२ ते २८ टक्क्यांपर्यंत हलू शकतं. ४०० घेतल्या तर १६ ते २४. आणि ४० मुलांनी दहा-दहा वेळा घेतलेल्या ४०० नोंदी म्हणजे ४०० वेगळ्या नोंदी नव्हेत. ज्याला शून्याचा लळा त्याच्या दहाही शून्यावरच संपतात. हे मला स्टॅटिस्टिशियनने सांगितलं, तेही मी सुरुवातीलाच गेले म्हणून. रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने १९३८ साली म्हटलं होतं की प्रयोग झाल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणं म्हणजे पोस्टमॉर्टेम करायला सांगणं, प्रयोग कशाने मेला एवढं तो सांगेल. वैद्यकवाल्यांना हे लगेच कळायला हवं, पण आपणच सगळ्यात उशिरा जातो.

लेखकांची नावं पहिल्या दिवशी कागदावर लिहा. कोण काय करणार, कुणाचं नाव कुठे. विद्यार्थ्याने मोजणी केली, मसुद्यात भर घातली, शेवटचा मजकूर वाचून मान्य केला आणि त्याची जबाबदारी घेतली, तर तो लेखक आहे. विभागप्रमुख नुसते विभागप्रमुख आहेत म्हणून लेखक होत नाहीत. हे तोंडावर बोलायला जड जातं हे मान्य, म्हणूनच पहिल्या दिवशी.

पेपर परत येईल. दुसरीकडे पाठवा. याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

लोकांत: आकडा देण्याआधी खुर्ची द्या

आता दुसरी चूक, ही जास्त बोचते. कॉलेजच्या एका खुल्या दिवशी आम्ही बीपीचं टेबल मांडलं. जागा मिळाली ती जिन्याच्या तोंडाशी, पुढे रांग, आवाज एवढा की स्टेथोस्कोपमध्ये गर्दीच ऐकू येत होती. एक काका तीन मजले चढून धापा टाकत आले, उभ्या उभ्या बाही वर केली, बोलत राहिले. आकडा आला १६४. मी रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "बरंच जास्त आहे हो, डॉक्टरांना दाखवून घ्या." आणि पुढच्याकडे वळले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीचा विभागात फोन. वडील रात्रभर झोपले नाहीत. घाबरून त्यांनी बायकोची बीपीची गोळी घेतली, मग पुन्हा एक, आणि पहाटे चक्कर येऊन पडले. सुदैवाने मोठं काही लागलं नव्हतं. ती मला बोलली नाही, फक्त विचारलं, "तुम्ही त्यांना बसवलं होतं का?"

नव्हतं बसवलं. ज्या चुका मी मुलांच्या वह्यांत लाल शाईने दाखवते, त्या सगळ्या त्या टेबलावर मी स्वतः केल्या होत्या.

तेव्हापासून आमच्या टेबलापेक्षा आमच्या खुर्च्या महत्त्वाच्या. आडबाजूची शांत खोली मागायची, ती नाही मिळाली तर बीपी मोजायचंच नाही, दुसरं काही दाखवायचं. आलेल्या माणसाने पाठ टेकून, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी न टाकता पाच मिनिटं गप्प बसायचं. नुकतीच कॉफी घेतली किंवा सिगारेट ओढली असेल तर अर्ध्या तासाने यायचं. लघवीला जायचं असेल तर आधी जाऊन यायचं. ही पाच मिनिटं वाया जात नाहीत. समोर भिंतीवर आम्ही एकच चित्र लावतो: त्याच माणसाचा हात तीन ठिकाणी आणि तीन वेगळे आकडे. माणूस ते बघतो, आपला लोंबता हात बघतो, आणि गुपचूप टेबलावर ठेवतो. त्या क्षणी त्याला जे कळतं, ते माझ्या तासाभराच्या भाषणाने कळत नव्हतं.

आकडा मोठ्याने सांगायचा नाही. चिठ्ठीवर लिहून हातात द्यायचा, आणि त्याखाली छापलेलं असतं: आज, इथे, एकदा मोजलेलं. एकदा मोजलेल्या आकड्यावरून कुणाला रोग जडत नाही आणि कुणी निरोगीही ठरत नाही. ज्यांची गोळी चालू आहे त्यांनी हा आकडा बघून ती वाढवायची नाही, थांबवायची नाही, आणि दुसऱ्याची तर मुळीच घ्यायची नाही. हे शेवटचं वाक्य त्या काकांचं देणं.

कोणत्या आकड्याला काय करायचं, हे टेबल मांडायच्या आधी ठरलेलं हवं. वरचा आकडा १८० च्या किंवा खालचा १२० च्या वर आला तर काही मिनिटं थांबून पुन्हा मोजायचं. तरी तेवढंच आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. सोबत छातीत दुखणं, दम लागणं, हातपाय लुळे पडणं, बोलणं अडखळणं, दिसायला अंधूक होणं यांतलं काही असेल तर बोलण्यात वेळ न घालवता थेट इमर्जन्सी. कुणी सोबत जायचं, कुणाला फोन करायचा, हेही ठरलेलं. ही तयारी नसेल तर मोजायचा आपल्याला अधिकार नाही, असं माझं मत आहे. विभागात सगळ्यांना ते पटत नाही.

बोलताना "दुप्पट", "निम्मा" हे शब्द एकटे सोडू नका. १९९५ साली ब्रिटनमध्ये जाहीर झालं की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. दुप्पट खरंच होता: ७००० बायकांमागे १ च्या जागी २. पण ऐकणाऱ्यापर्यंत पोचला तो फक्त दुप्पट. अनेकींनी गोळ्या सोडल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये गर्भपात अंदाजे १३,००० ने वाढले. गर्भारपणातला गुठळीचा धोका तर त्या गोळीपेक्षाही जास्त. म्हणून आधी "इतक्या माणसांमागे इतकी" सांगायचं, आणि ती "इतकी माणसं" दोन्ही बाजूंना सारखीच ठेवायची. १००० मागे आणि ७० मागे अशी तुलना केली की हुशार माणूसही चुकतो.

स्लाइड्स? लोकांपुढे मी आता नेत नाही. एकदा बावन्न नेल्या होत्या, पस्तिसाव्याला पुढच्या रांगेतल्या आजींनी शेजारणीच्या खांद्यावर डोकं टेकलेलं दिसलं. त्याऐवजी लोकांचा स्वतःचा हात वापरते. रक्त शरीरात फिरत राहतं हे दाखवणाऱ्या विल्यम हार्वीने १६२८ साली छापलेला प्रयोग कुणालाही करता येतो. दंडाला पट्टा जरा आवळला की कोपराखालच्या शिरा फुगतात. एक शीर बोटाने दाबून धरायची, दुसऱ्या बोटाने तिथून हृदयाच्या दिशेने पुढच्या गाठीपलीकडे रक्त पुसत न्यायचं, आणि ते दुसरं बोट उचलायचं. मधला तुकडा रिकामाच राहतो, कारण गाठीपाशी झडप आहे आणि ती रक्ताला मागे येऊ देत नाही. दाबून धरलेलं पहिलं बोट सोडलं की शीर सरसर भरते. खोलीत "अरे!" असा आवाज उठतो, दर वेळी. आठ वर्षांची मुलं हा प्रयोग घरी जाऊन दहा जणांवर करतात, पट्टा मिनिटभरात सोडायचा एवढी ताकीद मात्र द्या.

आणि शेवटी विचारा, ऐका, लिहून घ्या. टेबलावर एक वही फक्त लोकांच्या प्रश्नांची. "घरच्या मशीनवर वेगळं येतं, ते खोटं का?" खोटं नसतं. ते मशीन आवाज ऐकतच नाही, कफमधली हवा नाडीबरोबर किती थरथरते ते मोजून वरचा-खालचा आकडा हिशेबाने काढतं. ठोके अनियमित असले की तो हिशेब डळमळतो. शिवाय घरी माणूस निवांत असतो, म्हणून दवाखान्यातल्या १४०/९० ला घरचे १३५/८५ समान धरतात. एका आजोबांनी विचारलं, "डाव्या हाताचं वेगळं, उजव्याचं वेगळं. माझं कुठलं?" पुस्तकी उत्तर मला येत होतं: पहिल्यांदा दोन्ही हातांचं घ्यावं, आणि ज्याचं जास्त तो हात पुढे धरावा. पण आमची मुलं दोन्ही हातांचं घेतात का? वह्यांत बघितलं. सगळ्यांचा एकच हात, बहुतेक जो टेबलाच्या बाजूला होता तो. आजोबांचा प्रश्न सध्या कमिटीपुढे आहे.

एक हिशेबाची गोष्ट: वर्षाअखेरीच्या अहवालात हे एकच काम तीन रकान्यांत भरावं लागतं. खुशाल भरा, तिन्ही खरे आहेत. त्यासाठी तारखा, हजेरी, बदललेली प्रॅक्टिकलची पत्रकं त्या त्या दिवशी एका फाइलीत टाकत जा. मार्चमध्ये आठवत बसू नका.

शून्यांच्या नोंदी पूर्ण झाल्यावर ठरल्याप्रमाणे मुलांना सगळं सांगितलं. कुणीही नोंद मागे घेतली नाही. थोडे ओशाळले, बरेच हसले. पुढच्या प्रॅक्टिकलच्या वह्या आल्या तेव्हा मी हौसेने उघडल्या. १२२, ११६, १२८, १०४. शून्य जवळपास नाहीसा झालेला. मग एका वहीत ११७/७३.

त्या मुलाला बोलावलं, डायल त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "यावर ११७ ची रेघ कुठे आहे, दाखव बरं." त्याने डायल जवळ नेला, लांब नेला, उजेडात धरला.

"मॅडम," तो म्हणाला, "शून्य नको म्हणालात ना."